वहिनी डबा घेऊन येतात

"उद्या मी डबा घेऊन येते हां," असं वहिनी कुणाला म्हणाल्या, की त्या माणसाचा चेहरा उतरायचा.

बाहेरच्या माणसाला यात घाबरण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही. साठी ओलांडलेली एक बाई. उंच, काटकुळी, साडी वर खोचलेली, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला आणि बोटांच्या कडांना वाळलेली खळ. ती दुपारी स्वतःचा डबा घेऊन तुमच्या गाळ्यात जेवायला येणार, एवढंच. पण आमच्या इमारतीत माणूस वकिलाच्या नोटिशीला जेवढा भ्यायचा नाही, तेवढा या वाक्याला भ्यायचा.

इमारत लालबागची, मुख्य रस्त्यापासून जरा आत. चार मजले आणि प्रत्येक मजल्यावर छोटे छोटे गाळे. कुणी छपाई करायचा, कुणी लॅमिनेशन, कुणी पंचिंग, म्हणजे छापलेला कागद खोक्याच्या आकारात कापून त्याला घड्या पाडायच्या. तळमजल्याला मागच्या बाजूला वहिनींचा गाळा. तिथे पाच-सहा बायका बसून खोकी चिकटवायच्या. तुम्ही दादरला किंवा गिरगावात पेढे घेतलेत, तर ते ज्या खोक्यात घालून मिळाले ते बहुतेक आमच्या इमारतीतल्या चार गाळ्यांतून खाली उतरलेलं असायचं.

एका खोक्याला चार मालक. कुणाचंही काम बिघडलं तर चौघांचं बिघडणार. आणि या चौघांत लिहून ठेवलेलं काहीही नाही.

लिहून ठेवून करायचं काय, असा सगळ्यांचा सवाल होता. पहिल्या मजल्यावरच्या बाइंडरने एकदा कुणावर तरी दावा लावला होता. तो बाइंडर गेला, आणि पुढे त्याचा मुलगा तारखांना जात राहिला. दाराजवळ आमच्या असोसिएशनचा बोर्ड होता, पण त्यावरचे सेक्रेटरी कधीच विरारला राहायला गेले होते. कमिटी भांडणात बरखास्त झाली होती आणि वर सरकारी प्रशासक नेमला होता. त्या प्रशासकांना मी एकदाच पाहिलं. त्यांनी जिना चढताना विचारलं, "लिफ्ट बंद आहे का?" आणि तिथूनच परत गेले.

तेव्हा जे काही होतं ते वहिनींच्या भरवशावर. त्यांना कुणी निवडून दिलं नव्हतं. त्यांचे यजमान गिरणी कामगार. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी घरात खोकी चिकटवायला सुरुवात केली, मग हा गाळा घेतला. ते गेल्यावर वहिनी खाली येऊन बसल्या त्या बसल्या. सगळ्यांत जुन्या, आणि सगळ्यांचं काम शेवटी त्यांच्याच हाताखालून जाणार. कुणी काय बिघडवलं आणि कुणी कुणाच्या माथी मारलं, हे त्यांना विचारावं लागत नसे.

मी तिथे नवा होतो तेव्हा त्यांचा डबा मी पहिल्यांदा पाहिला, तो दुसऱ्याच्या गाळ्यात.

लॅमिनेशनवाल्याने छपाईवाल्या काकांचं एक गिऱ्हाईक परस्पर उचललं. मिठाईचं चांगलं जुनं दुकान. काका इतके भडकले की हातात पाना घेऊन वर निघाले. वहिनी जिन्यात आडव्या आल्या.

"खंय चाललास?"

"त्याचे हात तोडतो, वहिनी."

"मग माझ्या खोक्यांना लॅमिनेशन कोण करणार? तू?" त्यांनी पाना काढून घेतला. "खाली जा. मी उद्या जेवायला जाते त्याच्याकडे."

दुसऱ्या दिवशी एक वाजता त्या डबा घेऊन लॅमिनेशनवाल्याच्या गाळ्यात जाऊन बसल्या. बांगड्याचं तिखलं होतं. त्यालाही वाढलं. बाजारात बांगडा कसा महागलाय, स्वतःचा गुडघा, त्याच्या मुलीची दहावी, सगळ्यावर बोलल्या. गिऱ्हाइकाचा शब्द नाही. डबा धुतला आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या. तिसऱ्या दिवशीही.

येणारा-जाणारा प्रत्येक माणूस दारातून बघायचा आणि समजायचा. त्या तीन दिवसांत त्याच्याकडे वरून-खालून एकही कागद गेला नाही.

शेवटी तोच म्हणाला, "वहिनी, त्या मिठाईवाल्याला सांगतो मी. काम खाली काकांकडूनच घे म्हणून."

"कुठल्या मिठाईवाल्याला?" वहिनींनी विचारलं, आणि भाताचा शेवटचा घास त्याच्या ताटात सरकवला.

तुम्ही म्हणाल, ही दादागिरीच झाली. मलाही तसं वाटलं होतं. मी लॅमिनेशनवाल्याला नंतर विचारलं, "तू घाबरतोस कशाला? जेवतात आणि जातात."

तो म्हणाला, "अरे, ओरडल्या असत्या तर मी पण ओरडलो असतो. जेवणाऱ्या बाईवर ओरडणार कसा?"

आता माझं सांगतो.

मी परळच्या चाळीत वाढलो. वडील गिरणीत, आणि गिरणी गेल्यावर वॉचमन. मी बरीच वर्षं दुसऱ्याच्या पंचिंग मशीनवर काम केलं आणि मग एक जुनं मशीन घेऊन या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गाळा भाड्याने घेतला. मशीनच्या वरच्या फळीवर आईने दिलेली बुद्धाची छोटी मूर्ती ठेवली. तेल घातलं, रूळ साफ केले आणि कामाची वाट बघत बसलो.

काम आलं नाही.

कुणी वाईट बोललं नाही. छपाईवाले काका म्हणाले, "बघू, पुढच्या सीझनला." लॅमिनेशनवाला म्हणाला, "अरे, तू नवीन आहेस. माल खराब झाला तर आम्ही कुणाला पकडणार?" त्यात खोटं काही नव्हतं. कोर्टात जायची सोय नसली की माणूस ओळखीच्यालाच काम देतो. फक्त ओळख कशी होते, हा प्रश्न राहतो. प्रत्येकजण आधी आडनाव विचारायचा, मग गाव विचारायचा. मी सांगितलं की "अच्छा, अच्छा" म्हणायचा आणि विषय बदलायचा. आमचं गाव राजापूरकडचं. वहिनींच्या, काकांच्या गावापासून एसटीने तासाभराचं. पण गाववाले म्हणून ही माणसं एकमेकांना धरून होती, त्यात आम्ही कुठे बसत होतो हे मला लहानपणापासून माहीत होतं.

अशात एके दिवशी जिन्यात वहिनी भेटल्या आणि म्हणाल्या, "उद्या मी डबा घेऊन येते हां."

मी काय केलं? कुणाचं गिऱ्हाईक घेतलं? माझ्याकडे गिऱ्हाईकच नव्हतं. संध्याकाळी लॅमिनेशनवाला मुद्दाम डोकावून गेला. "काय केलंस रे?" त्याने हळूच विचारलं. त्याला खरोखर काळजी वाटत होती.

एक वाजता वहिनी आल्या. स्टूल ओढलं आणि दारासमोर, जिन्यातून सरळ दिसेल असं मांडून बसल्या. "वारा येतो तुझ्याकडे. खाली नुसती खळ वास मारते."

मी माझा डबा उघडावा की नाही, या विचारात होतो. बायकोने भाकरी आणि सुकटीची चटणी दिली होती. वहिनींनी विचारलं नाही. हात पुढे केला, भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तोंडात टाकला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. त्यावर मोठेपणाचं काही होतं का, ते शोधत होतो. आपण काही तरी थोर करतोय, असा भाव माणसाच्या चेहऱ्यावर लगेच कळतो. आम्हाला तर फारच लगेच कळतो.

त्या चावत राहिल्या आणि म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय रे."

मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "आमच्याकडे असंच खातात."

"मग तुमच्याकडे मीठ कमी खातात," त्या म्हणाल्या आणि दुसरा तुकडा मोडला.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या चटणीला नावं ठेवणाऱ्या त्या कोण? काम तरी देतात का?" पण सकाळी डबा भरताना तिने चटणी दोनदा चाखून पाहिली. मी बघितलं नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी चटणी खाऊन नुसत्या "हं" म्हणाल्या. हा निरोप बायकोला दिला, तर दुसरा दिवसभर ती खूश होती, असं आईने मला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्या जिन्याच्या कठड्याशी गेल्या आणि चारही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आपल्या गाळ्यातल्या एका बाईला हाक मारली, "गो, आपलं पंचिंग उद्यापासून तिसऱ्या माळ्यावर पाठव."

आठवड्याभरात काकांचं काम आलं. मग लॅमिनेशनवाल्याने एका पार्टीला माझं नाव सांगितलं. दिवाळीपर्यंत मला मान वर करायला फुरसत उरली नाही.

पुष्कळ दिवसांनी मी त्यांना विचारलं, "वहिनी, तुम्ही तेव्हा का आलात?"

"माका पंचिंगवालो हवो होतो," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "लोक काय बघतात रे? कोण कोणाकडे बसतं ते बघतात. बाकी सगळं नंतर."

त्या देवी होत्या असं मला सांगायचं नाही. चौथ्या मजल्यावर बिहारचा एकजण होता. खोक्यांवर सोनेरी अक्षरं उठवायचा, हात फार साफ. त्याच्याकडे वहिनी कधीच गेल्या नाहीत. तो वर्षभर टिकला आणि मशीन विकून गेला. मी त्यांना म्हटलं, एकदा जायला हवं होतं तुम्ही. त्या बराच वेळ खळ ढवळत राहिल्या. "पाय उचलला नाही रे," त्या म्हणाल्या. "त्याच्याशी बोलू काय? माका त्याची भाषा येत नाही. मी उगाच बसून राहिले असते." याहून जास्त त्यांनी स्वतःची बाजू घेतली नाही. पण तो माणूस गेला तो गेलाच. वहिनींची नजर पोचेल तेवढंच आमचं जग होतं, आणि त्या नजरेच्या पलीकडे कोण राहिलं, हे आत आल्यावर मीही फारसं बघितलं नाही.

त्यांची खरी कसोटी लागली ती एका दिवाळीच्या तोंडावर. परवान्याच्या कुठल्याशा कागदावरून पालिकेची काही माणसं आली आणि काकांच्या गाळ्याला सील ठोकून गेली. तो कागद असोसिएशनने द्यायचा होता, आणि असोसिएशन म्हणजे तो दाराजवळचा बोर्ड. काका दारासमोर खाली बसले. आत मशीन, बाहेर सगळ्या मिठाईवाल्यांचे फोन. त्यांची छपाई थांबली म्हणजे आमच्या सगळ्यांची दिवाळी थांबली.

रस्त्यापलीकडच्या इमारतीत दुसरा छपाईवाला होता. काकांचा जुना वैरी. दोघं एकमेकांकडे बघायचेही नाहीत. वहिनी मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. रस्ता ओलांडायला गुडघा ऐकत नाही."

तो माणूस मशीनवर होता. वहिनींनी डबा आणला नव्हता. उभ्या राहूनच म्हणाल्या, "त्याचं काम तुला छापायचंय. दिवाळीपुरतं."

त्याने हात पुसले. "छापेन. पण त्याची गिऱ्हाइकं उद्या माझ्याकडेच आली तर?"

"येतील."

"मग?"

"मग तू परत पाठवशील."

तो हसला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"पाठवशील," वहिनी म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तुझ्या दाराला सील लागलं तर मी परत याच रस्त्याने कुणाकडे तरी येणार आहे. तेव्हा मला हेच सांगायला लागेल."

तो मशीनकडे वळला आणि म्हणाला, "प्लेटा पाठवून द्या."

त्याने सगळं काम छापलं. दिवाळीनंतर एक मिठाईवाला त्याच्याकडे गेला तेव्हा त्याने त्याला हात धरून रस्ता ओलांडून काकांच्या दाराशी आणून सोडलं. सील निघालं होतं. काका दारात उभे होते. काकांनी आतून खुर्ची आणून ठेवली. पलीकडचा छपाईवाला बसला. मी जिन्यातून बघत होतो. खाली वहिनी बायकांवर ओरडत होत्या, की कोपरे नीट दाबा म्हणून.

मग काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे, कारण ते सगळीकडे तसंच झालं. तयार खोकी बाहेरून यायला लागली, मशीनवरच चिकटवलेली. वहिनींच्या बायका एकेक करून कमी झाल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते मनासारखं झालं नाही. एके दिवशी मुलगी आली आणि त्यांना अँटॉप हिलला आपल्या घरी घेऊन गेली. जावई सरकारी नोकरीत, क्वार्टर मोठं होतं. गाळ्याला कुलूप लागलं.

आम्हाला वाटलं होतं, इतकी वर्षं एकत्र काम केलं, आता आम्ही असेच राहू. सहा महिने राहिलो. मग काका आणि लॅमिनेशनवाला यांच्यात एका खराब मालावरून बिनसलं. चूक कुणाची, हे दोघांनाही माहीत होतं. फक्त कबूल कुणी करायचं, हे ठरत नव्हतं.

मी बायकोला म्हटलं, उद्या डबा जास्त दे. ती समजली. सुकटीची चटणीच दिली.

मी लॅमिनेशनवाल्याकडे जाऊन बसलो. त्याने माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बस. जेव. पण तू वहिनी नाहीस रे."

आम्ही जेवलो. चटणी त्याला आवडली. दुपारी त्याने वकिलाला फोन केला.

त्यानंतर इमारत पाडायची ठरली. जो तो वेगवेगळा जाऊन सही करून आला. कुणी वसईला गेलं, कुणी भिवंडीला, काकांनी धंदा बंद केला. मी माझं मशीन वसईला नेलं. आता माझं सगळं काम कागदावर चालतं. किती दिवसांत माल, खराब झाला तर काय, सगळं छापील. ज्याचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही असा माणूस मला काम देतो आणि मी करतो. त्याला माझं गाव विचारावंसं वाटत नाही. हे मला कमी वाटत नाही. माझ्या वडिलांना हे मिळालं असतं तर त्यांचं आयुष्य वेगळं झालं असतं. माझ्या मुलीने धंद्यात यायचं म्हटलं, तर तिला कुणाच्या डब्याची वाट बघत बसावं लागू नये, असंच मला वाटतं.

तरीही कधी कधी मशीन चालू असतं, माल वेळेवर निघालेला असतो, सगळं ठीक असतं, आणि मला वाटतं की आत्ता कुणीतरी दारातून आत यावं आणि माझ्या जेवणात मीठ कमी पडलंय म्हणावं. हे वाटणं कुठल्या कागदात घालायचं, ते मला कळत नाही.

वहिनी यंदा गावी गेल्या, आणि तिथेच वारल्या. मुलीने फोनवर सांगितलं तेव्हा क्रियाकर्म होऊन गेलं होतं. मी काकांना कळवलं. लॅमिनेशनवाल्याला कळवलं. तो म्हणाला, "कुठे भेटायचं आपण?" आम्हा दोघांनाही जागा सुचली नाही.

त्याआधी मी वहिनींना एकदा अँटॉप हिलला भेटलो होतो. त्यांना चालणं सोसत नव्हतं, तरी माझ्याबरोबर खाली उतरल्या. खाली दोन घरांचं गाडी लावण्यावरून जोरात भांडण चाललं होतं. मी गमतीने म्हटलं, "वहिनी, बघा जरा."

त्यांनी मान हलवली. "नको रे. माका इथे कोण वळखत नाय."

आम्ही त्या भांडणाऱ्यांच्या बाजूने, भिंतीला धरून गेटपर्यंत गेलो. वॉचमनने वही पुढे केली आणि जाण्याची वेळ लिहायला सांगितली. मग विचारलं, "कोणाकडे आला होता?"

मी वहिनींचं नाव सांगितलं.

तो आठवू लागला. "कुठल्या मजल्यावर राहतात?"

वहिनी त्याच्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. उन्हाने डोळे बारीक झाले होते, एक हात गेटच्या गजावर होता. मी मजला सांगितला, त्याने लिहून घेतला. रस्त्यावर येऊन मी मागे पाहिलं तेव्हा त्या अजून तिथेच होत्या. गजावरचा हात त्यांनी जरासा उचलला, आणि तोल जाईल असं वाटून पुन्हा गजावर ठेवला.